१४ किलोमीटर आणि दुसरी सकाळ

ताई, स. न. वि. वि.

माझं वय ६२. निवृत्त झालो तरी आठवड्यातून दोन दिवस जुन्या ऑफिसात सल्लागार म्हणून जातो. गेली बारा वर्षं रोज सकाळी पाऊण तास चालतो. पाऊस असो, थंडी असो, खाडा नाही. त्यामुळे स्वतःला फिट समजत होतो.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वीज गेली. गाड्या बंद, बस मिळेना, रस्ते तुंबलेले. घर १४ किलोमीटर. म्हटलं, आपण रोजचे चालणारे, त्यात काय! पहिले ५ किलोमीटर ५० मिनिटांत काढले. आठव्या किलोमीटरनंतर पाय माझे राहिले नाहीत. पायात ऑफिसचे चामडी बूट, एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग. घरी पोचायला एकूण साडेचार तास लागले. दुसऱ्या दिवशी कठडा धरून, आडवा होऊन जिना उतरलो. उजवा गुडघा चार दिवस सुजला होता. टाचांना फोड आले आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. ते काढून टाकू का?

बायको म्हणते, पुढच्या वेळी गपगुमान तिथेच थांबा. मुलगा म्हणतो, घड्याळ घ्या, रोज १०,००० पावलं टाका. मित्र म्हणतो, चालून चालून गुडघे झिजतात. माझी भीती वेगळी आहे. ६२ ला ही गत, तर ७२ ला काय? घरापर्यंत पोचतील एवढे पाय मला हवे आहेत. या वयात ते कमावता येतात का?

– एक (तथाकथित) फिट गृहस्थ

*

सप्रेम नमस्कार.

कंसातला तो शब्द काढून टाका. बारा वर्षं खाडा न करता चालणारा माणूस फिटच असतो. फक्त तो पाऊण तासापुरता फिट असतो. शरीर भारी हिशेबी. रोज जेवढं मागाल तेवढंच ते शिल्लक ठेवतं, वर एक पै नाही. तुम्ही बारा वर्षं त्याच्याकडे साधारण ४ किलोमीटर मागितले, बहुधा त्याच सपाट रस्त्यावर, त्याच बुटांत, रिकाम्या हातांनी. त्या संध्याकाळी एकदम १४ मागितले, तेही ओझ्यासकट आणि चुकीच्या पादत्राणांत. तरी त्याने तुम्हाला घरी पोचवलं. मला यात नापास होण्यासारखं काही दिसत नाही.

तुमच्या पत्रातला एक आकडा मात्र मी दोनदा वाचला. ५ किलोमीटर ५० मिनिटांत म्हणजे ताशी ६ किलोमीटर. ती चाल गाडी पकडायला निघालेल्या माणसाची, लांब जाणाऱ्याची नव्हे. उरलेल्या ९ किलोमीटरना तुम्हाला ३ तास ४० मिनिटं लागली, म्हणजे ताशी अडीच किलोमीटरही नाही. तेच तुम्ही पहिल्यापासून ताशी साडेचारने चालला असता आणि वाटेत दहा-दहा मिनिटं दोनदा बसला असता, तर साडेतीन तासांत घरी असता. चक्क एक तास आधी, आणि कदाचित नखासकट. घाईने तुमचा एक तास खाल्ला. लांब चालणारे लोक सुरुवातीला मुद्दाम कंटाळवाणे चालतात. पहिला अर्धा तास 'आपण फारच हळू चाललोय' असं वाटत असेल तर चाल बरोबर आहे. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यांत गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटे असाल तर स्वतःशी पुटपुटा, लोक फोनवर बोलताय असं समजतात.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये सांगितला: सपाटीवर तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि वर चढायच्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. हा हिशेब तरण्याताठ्या, धडधाकट माणसाचा. आपल्या वयाला त्यात चौथाई वेळ वाढवून घ्यावा. मी घेते, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. या वयात जमतं का? जमतं. पण वय आपल्याकडून काय काढून घेतं हे आधी नीट समजून घ्या, म्हणजे भलत्याच गोष्टीची धास्ती राहणार नाही. दमसास, म्हणजे श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ती क्षमता, तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते. बसून राहणाऱ्यांची जास्त, हलत्या माणसांची कमी. पण तुमची अडचण ती नव्हतीच. धाप लागल्याचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. तुमचे पाय गेले. साठीनंतर स्नायू झपाट्याने उतरतात आणि त्यातही ताकदीच्या आधी चपळपणा जातो. ठेच लागली की पुढचं पाऊल झटकन टाकून तोल सावरण्याची शक्ती ती हीच. तळव्याखालची चरबीची गादी पातळ होते, पाऊल थोडं पसरतं. तहान उशिरा कळते. आणि दुरुस्तीला वेळ लागतो. तिशीत जे एका रात्रीत भरून यायचं त्याला आता दोन-तीन दिवस लागतात.

माझ्या मते या शेवटच्या गोष्टीभोवतीच तुमची सगळी तयारी बांधायला हवी. किती चाललो हे घरी पोचल्यावर ठरवायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. जिना सरळ उतरता आला, पहिलं पाऊल टाकताना टाच कळवळली नाही, नेहमीची फेरी मारावीशी वाटली, तर कालचं अंतर तुमचं झालं. कठडा धरावा लागला तर ते अजून उसनंच आहे. घड्याळ, ॲप, शेजारी, कुणीही काहीही सांगो, मी इतकी वर्षं याच एका कसोटीवर चालते आहे.

ही अक्कल मलाही फुकट मिळालेली नाही. ५८ व्या वर्षी एका मैत्रिणीच्या नादाने मी १२ वरून थेट २२ किलोमीटरवर उडी मारली, तीही दोनच दिवसांपूर्वी घेतलेल्या बुटांत. चालून आले, फोटो काढले, फार मिरवलं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठता येईना आणि पुढे दोन नखं गेली. पण खरी शिक्षा आठवड्याने मिळाली. पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे, एका बोटाएवढ्या जागेवर दाबलं की कळ जायची. डॉक्टरांनी हाडाला केसाएवढी चीर गेल्याचं सांगितलं आणि दीड महिना चालणं बंद. या दुखण्याला 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. लांबच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन एका प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच करून ठेवलं होतं. म्हणजे माझा मूर्खपणासुद्धा नवीन नव्हता.

असं का होतं, तर शरीराचे सगळे भाग एका वेगाने शिकत नाहीत. हृदय आणि फुप्फुसं दोन-तीन आठवड्यांत तयार होतात, स्नायूंना महिना-दीड महिना लागतो. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं मात्र महिनोन् महिने घेतात. दम आहे, पाय चालताहेत, म्हणून आपण अंतर वाढवत जातो आणि मागे राहिलेलं हाड एक दिवस तक्रार करतं. म्हणून वाढ हळू हवी आणि मधूनमधून मुद्दाम मागे यायला हवं.

तुम्ही असं करा. आधी तो गुडघा एकदा डॉक्टरांना दाखवा. चार दिवस सूज म्हणजे आत काहीतरी चिडलं होतं. ते शांत झालंय याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काही नको. मग आठवड्यातले चार दिवस तुमची नेहमीची फेरी राहू द्या, एक दिवस लांब चाला आणि दोन दिवस सुट्टी, त्यातली एक लांब चालीच्या दुसऱ्याच दिवशी. लांब दिवशी पहिल्या आठवड्यात ६ किलोमीटर, मग ७, मग ८, आणि चौथ्या आठवड्यात परत ६. पुढच्या महिन्यात ८, ९, १० आणि मागे ७. तिसऱ्या महिन्यात १०, ११, १२ आणि मागे ९. चौथ्यात १२, १३, १४. चार महिन्यांत तुम्ही तेच १४ किलोमीटर चालाल, पण या वेळी दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतराल. एखादी सकाळ वाईट गेली तर पुढच्या आठवड्यात तेच अंतर पुन्हा करायचं. कॅलेंडरच्या नादाने पुढे जायचं नाही. चार महिन्यांचे पाच झाले तर कुणी दंड करत नाही.

मागे येण्याचे आठवडे गाळावेसे वाटतील, कारण तेव्हा अंगात हुशारी असते. गाळू नका. वाढ त्याच आठवड्यांत होते.

वाट निवडताना शहाणपणा करा. सरळ ७ किलोमीटर लांब जाऊन परत यायचं ठरवलंत तर सातव्या किलोमीटरला पाय दुखला की अडकलात. घराभोवती तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या आखा, म्हणजे दर तासाला घराजवळून जाल, पाणी भराल, मोजे बदलाल आणि नको वाटलं तर सोडून द्याल. सोडून देण्याची सोय असली की माणूस जास्त चालतो, हा माझा अनुभव. तीन महिन्यांनी एकदा मात्र ऑफिस ते घर हा खरा रस्ता सुट्टीच्या दिवशी, उजेडी पायी करून बघा. कुठे फूटपाथ संपतो, कुठे पाणी मिळतं, कुठे बसायला कठडा आहे, अंधारात कुठला भाग टाळायचा, हे गाडीतून कधीच कळत नाही. पहिल्या खेपेला निम्मंच केलं तरी चालेल.

चालणं एकटं पुरत नाही, हे बारा वर्षं चालणाऱ्याला सांगणं जरा जड जातंय, पण सांगते. सपाट रस्त्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना फार काम नसतं. ते लागतात जिना, चढ आणि सगळ्यात जास्त उतार यांना. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं ओझं तोलून धरतात आणि त्यानेच ते सगळ्यात जास्त दुखावतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना चढण्यापेक्षा उतरणं छळतं. गंमत अशी की थोड्या प्रमाणात एकदा उतार करून घेतला की पुढचे कित्येक आठवडे तेवढ्या उताराने पाय दुखत नाहीत. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं जिने चढा आणि मुख्य म्हणजे सावकाश, हाताशी कठडा ठेवून उतरा. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठबस करा, दहाच्या दोन खेपा. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा. दात घासताना एका पायावर उभे राहा, बेसिनचा आधार जवळ असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीनंतर त्यातच आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव येतो. पहिला भाग सगळे पाठ म्हणतात, दुसरा सोयीस्कर विसरतात.

मुलाला सांगा, घड्याळ जरूर दे, पण १०,००० च्या आकड्याला नमस्कार. तो आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. नाव ऐकायला छान, आकडा लक्षात राहायला गोल, तो जगभर चिकटला. आकडा वाईट नाही, पण रोज १०,००० पावलं आणि एका दमात सुमारे २०,००० पावलं या दोन वेगळ्या विद्या आहेत. तुम्हाला दुसरी हवी आहे. जपान्यांकडून घ्यायचंच असेल तर तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, असं अर्धा तास आलटून पालटून चालणं घ्या. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांवर पाच महिने करून पाहिलं. एका चालीने चालणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम जास्त वाढला, रक्तदाबही जास्त उतरला. तुमच्या चार नेहमीच्या फेऱ्यांपैकी दोन अशा करा. बारा वर्षांचा तोचतोचपणाही मोडेल. नाडीच्या ठोक्यांचं लक्ष्य घड्याळ सांगेल, पण रक्तदाबासाठी ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर ते निरर्थक आहे. तिथे गप्पांचीच कसोटी खरी.

मित्राच्या झिजणाऱ्या गुडघ्यांबद्दल: गुडघा म्हणजे टायर नव्हे. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. पाऊल टाकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की सांध्यातला द्रव शोषून घेते आणि तेच तिचं पोषण. बसून राहिलेल्या गुडघ्याची उपासमार होते. मात्र सूज, सांधा अडकणं, गुडघा मध्येच दगा देणं ही लक्षणं वेगळी, ती सहन करत चालायची नसतात. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवल्याने गुडघ्याला जेवढा आराम पडतो तेवढा कुठल्याही पट्ट्याने पडत नाही. उतारावर काठी घ्या, जमल्यास दोन. काठी घेतली की म्हातारे दिसतो, या समजापायी लोक गुडघे घालवतात, मला फार राग येतो त्याचा.

आता पायांकडे, कारण लांब चालीत माणूस बहुतेक वेळा दमाने हरत नाही, टाचेवरच्या रुपयाएवढ्या फोडाने हरतो. फोड येतो तो वरवर घासल्याने कमी आणि आतल्या ओढाताणीने जास्त. कातडी मोज्याला चिकटून एका जागी राहते, आतलं हाड पुढेमागे सरकतं आणि मधले थर सुटतात. ओल्या कातडीत हे लवकर होतं. सुती मोजा घाम धरून ठेवतो, म्हणून लांब चालीला तो नको. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घ्या, आणि एक जोडी जास्तीची बाळगा. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय सुजून मोठे झालेले असतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. नख काळं पडतं ते उतारावर बोटं पुढे आपटून, तेव्हा बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आणि पुढे सैल बांधा. सगळ्यात महत्त्वाचं: एखादी जागा गरम लागायला लागली की त्याच मिनिटाला थांबायचं, बूट काढायचा, कोरडं करायचं, चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या चौकात बघू' म्हणणाऱ्याला तिथे फोडच सापडतो. आणि ऑफिसात टेबलाखाली चालायचे जुने, रुळलेले बूट कायमचे ठेवून द्या. तुमच्या एकूण तयारीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच.

बॅग दोन्ही खांद्यांची घ्या. एका खांद्यावरचं ओझं कंबर वाकडी करतं आणि एका गुडघ्यावर जास्त भार टाकतं. तुमचा उजवाच सुजला, बॅग कुठल्या खांद्यावर होती ते आठवा. सरावात आधी रिकामी सॅक, मग दोन-तीन किलो, आणि शरीराच्या वजनाच्या एक दशांशापुढे जायची गरज नाही. अंतर आणि ओझं एकाच आठवड्यात वाढवायचं नाही. लॅपटॉप त्या दिवशी ऑफिसातच कुलूपबंद करून निघता आलं असतं, नाही का? आत पाणी, काहीतरी खायला, जास्तीचे मोजे, चिकटपट्टी, छोटी विजेरी, फोन चार्ज करायची बॅटरी, दोन दिवसांच्या गोळ्या आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहिलेले.

आणि चष्मा. एमा गेटवूड या अमेरिकन बाईंची गोष्ट मला फार आवडते. अकरा मुलांची आई, वयाच्या ६७ व्या वर्षी, १९५५ मध्ये, अपलाचियन ट्रेल ही ३,००० किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकट्याने चालून गेली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. ही कहाणी सगळे सांगतात. आदल्या वर्षीचा प्रयत्न फारसं कुणी सांगत नाही. १९५४ मध्ये त्या वाट चुकल्या, चष्मा फुटला, खाणं संपलं आणि वनरक्षकांच्या सांगण्यावरून घरी परतल्या. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. तर जास्तीचा चष्मा सॅकमध्ये हवा, आणि परत फिरण्याची लाज नको.

यावरून वहिनींच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा टोकियोच्या परिसरातल्या रेल्वे थांबल्या आणि ५० लाखांहून जास्त माणसं त्या दिवशी घरी जाऊ शकली नाहीत. असंख्य लोक रात्रभर चालत राहिले. तिथल्या नियोजनात एक ठोकताळा वापरतात: घर १० किलोमीटरच्या आत असेल तर माणूस पायी पोचेल असं धरायचं, पुढच्या प्रत्येक किलोमीटरला दहा टक्के माणसं वजा करायची आणि २० च्या पुढे कुणीच पोचणार नाही असं समजायचं. तुमच्या १४ ला दहापैकी सहा पोचतात. तुम्ही त्या सहांत होता! पण त्याच टोकियोने २०१३ पासून लागू झालेल्या नियमात काय म्हटलं, तर अशा वेळी सगळ्यांनी एकदम घराकडे धाव घेऊ नका, आहात तिथे थांबा, आणि कंपन्यांनी कामगारांसाठी तीन दिवसांचं पाणी आणि अन्न साठवावं. रस्ता बचावपथकांसाठी मोकळा राहायला हवा, आणि पडझड चालू असताना रस्त्यावर असणं हाच धोका.

म्हणजे आधी ठरवायचं ते हे, की निघायचं कधी आणि थांबायचं कधी. साधा वीजपुरवठा गेलाय, हवा बरी आहे, उजेड आहे, तर चाला. पूर आहे, वादळ आहे, अंगाची लाही होतेय किंवा रस्त्यात काय आहे कळत नाही, तर थांबा. वहिनींशी बसून हे आधीच बोलून ठेवा: अमुक वेळेपर्यंत फोन लागला नाही तर मी ऑफिसातच आहे असं समज, निघालो तर याच रस्त्याने येईन. त्या रात्री साडेचार तास त्यांनी काय केलं, हे तुमच्या पत्रात आलेलं नाही. विचारून बघा.

पाण्याचं थोडक्यात सांगते. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं प्या, पण ढोसू नका. तासन् तास नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते लवकर उतरतं. दीड-दोन तासांपुढच्या चालीत पाण्याबरोबर काहीतरी खारट खा. मध्यम वजनाच्या माणसाला किलोमीटरमागे साधारण ५० कॅलरी लागतात, १४ किलोमीटरला ७०० च्या आसपास. खिशात खाऊ असायलाच हवा, आणि मधुमेह असेल तर साखर हाताशीच. मधुमेह्याने चालून आल्यावर तळवे आरशात बघायचे, कारण बधिर पायाला फोड कळत नाही.

आणि काही दुखणी थकव्याची नसतात, ती ओळखून ठेवा. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत कळ येते, उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत जाते, परत तेवढंच चाललं की परत येते, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असू शकतात. चालताना दोन्ही पाय जड आणि बधिर होतात, पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं, तर कण्याकडे बघायला हवं. दोन्हींत डॉक्टर बहुधा चालू नका म्हणत नाहीत, उलट बेतशीर चालायला लावतात, पण आधी दाखवायला हवं. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, भोवळ यांपैकी काही झालं तर जागेवर बसायचं आणि मदत बोलवायची. घर किती जवळ आलंय, याचा हिशेब तेव्हा करायचा नाही.

७२ चं विचारलंत. माझं वय विचारू नका, पण मी तुमच्या पुढे आहे, आणि दर तीन आठवड्यांनी एकदा १२ किलोमीटर चालते. पूर्वी ताशी ५ ने चालायचे, आता ४ ला आले आहे. म्हणजे अडीच तासांच्या जागी तीन तास लागतात. तो अर्धा तास काय तो गेला. अंतर अजून माझ्याकडेच आहे.

चार महिन्यांनी पत्र लिहा. किती चाललात ते नको, दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरलात ते लिहा.

ता. क. – नखाचं राहिलंच. ओढून काढू नका. खाली नवं यायला लागलंय, ते जुन्याला स्वतःच ढकलून देईल. सैल झालेली कड मोज्यात अडकत असेल तेवढी कापा, वर पट्टी लावा. खालून पाणी-पू येत असेल किंवा ठणकत असेल तरच डॉक्टर. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष घेतं, तेव्हा ते तुमच्या आधी १४ किलोमीटर गाठणार नाही.